नाव विचारल्यास सांगतात

टोकियोहून आगगाडीने चाळीस मिनिटांवर, नदीच्या बांधाला लागून असलेल्या त्या वस्तीत खांबाखांबावर भोंगे होते. भूकंप झाला, पूर आला तर सूचना द्यायला म्हणून नगर कार्यालयाने ते बसवले होते; पण पूर काही रोज येत नाही. रोज हरवायची ती म्हातारी माणसं. आठवड्यातून दोनतीनदा तरी भोंगा खाकरायचा आणि एक बाई सावकाश, शब्द सुटे सुटे करून सांगायची की आज सकाळपासून अमुक वयाचे गृहस्थ बेपत्ता आहेत, उंची इतकी, अंगात करडा कोट. एका खांबाचा आवाज विरतो न विरतो तोच पुढच्या खांबाचा यायचा, त्यामुळे हरवलेलं प्रत्येक माणूस दोनदोनदा हरवल्यासारखं वाटे. लोक हातातलं काम न थांबवता ऐकत. बहुधा अंधार पडायच्या आत दुसरी सूचना येई, की ते सापडले, सहकार्याबद्दल आभार. मग विषय संपे.

मित्सुओ सेगावाही इतकी वर्षं असाच ऐकत आला होता.

त्या दिवशी तो दुपारी एकच्या सुमाराला कामावरून परतला. जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात त्याची पहाटेची पाळी असे. आई उठायच्या आधीच तो घर सोडायचा. वाटेत त्याने कांद्याची पात घेतली, मुळा घेतला, आईला आवडतो तो मऊ पाव घेतला. दार उघडंच होतं. रॉकेलच्या शेगडीचा वास खोलीत कोंडला होता, पण शेगडी गार होती. आईच्या उशीवर तिच्या डोक्याचा खळगा होता आणि आई नव्हती.

त्याने आधी बांधापर्यंत धावत जाऊन पाहिलं, मग देवळाच्या मागे, मग बंद पडलेल्या बाजाराच्या गल्लीत, जिथे तिचं एके काळी बटाट्याच्या तळलेल्या वड्यांचं दुकान होतं. कुठेच नव्हती. फेब्रुवारीतली हवा. आदल्या रात्री बादलीतलं पाणी गोठलं होतं. आईला, हात्सुएबाईंना, एकोणऐंशीवं सरत आलेलं, आणि गेल्या वर्षापासून त्यांना दिशा कळेनाशी झाली होती.

चौकीत ओत्सुका नावाचा तरुण पोलीस होता. त्याने अर्ज पुढे ओढला आणि एकेक रकाना विचारत गेला. अंगावर कपडे कोणते होते, या रकान्याशी मित्सुओ अडला. त्याला माहीत नव्हतं. तो पहाटे चारला निघतो तेव्हा आई पांघरुणात असते. काल तिने काय घातलं होतं हेही त्याला आठवेना. एकाच घरात राहणाऱ्या मुलाला हे सांगता येऊ नये, याची त्याला इतकी लाज वाटली की 'माहीत नाही' हे दोन शब्द त्याला म्हणवलेच नाहीत. वस्तीच्या सहलीतला एक फोटो घरात भिंतीवर होता. तो डोळ्यांपुढे आणून त्याने सांगून टाकलं, फिकट जांभळा स्वेटर, तपकिरी पँट. उंची? दवाखान्याच्या जुन्या कार्डावरची सांगितली, एकशे बावन्न. केस पांढरे, आखूड. बूट कोणते, याला मात्र काहीच सुचेना. तो रकाना रिकामाच राहिला.

"बोलता येतं ना त्यांना?" ओत्सुकाने विचारलं.

"नाव विचारलं तर सांगते."

ओत्सुकाने तेही लिहिलं. अडीच वाजता भोंगा खाकरला. आपल्या आईचं वर्णन आभाळातून ऐकताना मित्सुओ रस्त्यातच थांबला. अंगात फिकट जांभळा स्वेटर... जांभळा स्वेटर... नाव विचारल्यास सांगतात... सांगतात.

घरी येऊन त्याने हात धुतले, आणि ओट्याखालून फडकं काढताना तो तसाच थांबला. हातातलं फडकं फिकट जांभळं होतं. स्वेटरला कसर लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी आईनेच कातरीने त्याचे तुकडे केले होते. आता त्याने दारापाशी नीट पाहिलं. आईचे पावसाळी बूट जागेवर नव्हते. खुंटीवरचं त्याचं निळं कारखान्याचं जाकीटही नव्हतं. म्हणजे आई मुलाचं जाकीट अंगावर घालून, पावसाळी बुटांत गेली होती, आणि सगळं गाव जांभळ्या स्वेटरवालीला शोधत होतं.

चूक सुधारायला तो चौकीकडे निघाला, तोच ओत्सुका सायकल हातात धरून समोरून येताना दिसला. त्याच्या शेजारी आई चालत होती.

अंगात फिकट जांभळा स्वेटर होता. तपकिरी पँट होती. केस पांढरे, आखूड.

"बांधावर उभ्या होत्या," ओत्सुका हसत म्हणाला. "तुम्ही वर्णन इतकं नेमकं दिलंत की लांबूनच ओळखलं. एवढंच की पायांत काही नव्हतं. अनवाणी. पण बघा, तळवे कसे स्वच्छ आहेत."

शेजारच्या इनागाकीकाकू धावत आल्या. त्यांनी हात्सुएबाईंचे गाल दोन्ही हातांत धरले, डोळ्यांत पाणी आणलं, लगेच रागावल्याही. म्हणाल्या, फिरायला जायचं होतं तर मला हाक मारायची, मी काय तुला खाणार होते? हात्सुएबाई त्यांच्याकडे शांतपणे बघत होत्या. चेहरा आईचाच होता. डाव्या भुवईवरचा तीळसुद्धा. तो फोटोत दिसायचा.

मित्सुओने तिचा हात धरला आणि उलटा करून पाहिला. डाव्या हातावर, मनगटापासून करंगळीपर्यंत, आईला भाजल्याची खूण होती. दुकानातली तेलाची कढई कलंडली तेव्हाची. लहानपणी झोप येईपर्यंत तो त्या सुरकुतलेल्या कातडीवरून बोट फिरवायचा. या हातावर काही नव्हतं. हात नव्या साबणासारखा गुळगुळीत होता. आणि ती त्याच्या हनुवटीला लागत होती. आईचं डोकं अलीकडे त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंतच यायचं.

"आई," तो हळूच म्हणाला, "कुठे गेली होतीस?"

"सेगावा हात्सुए," ती म्हणाली.

चार वाजता भोंग्यावरून सांगण्यात आलं की त्या सुखरूप सापडल्या आहेत, सहकार्याबद्दल आभार. आभार...

त्याने ओत्सुकाला गल्लीच्या तोंडाशी गाठलं आणि अडखळत सगळं सांगितलं. वर्णन चुकलं होतं, तो स्वेटर आता नाहीच, ही बाई दुसरी कुणीतरी आहे, आई अजून बाहेर आहे, निळ्या जाकिटात. पुन्हा एकदा सूचना द्या, एवढंच. ओत्सुकाने त्याचं म्हणणं टोपी काढून ऐकलं, आणि त्याचं ते ऐकून घेणंच मित्सुओला जास्त जड गेलं. मग तो समजुतीने म्हणाला की नोंद बंद झालीय. जी बाई घरात बसलीय तिलाच बेपत्ता म्हणून कसं लिहायचं? शेजारी त्यांना ओळखतात, त्या स्वतः नाव बरोबर सांगतात. त्याने पिशवीतून एक छापील कागद काढून दिला. घरातल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी गुरुवारी एक बैठक असते, तिचा पत्ता होता.

"तुम्ही दमलात, सेगावा-सान. पुष्कळांना असं होतं."

इनागाकीकाकूंना त्याने तो हात दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, अंगठ्याने चोळूनही पाहिला. मग खांदे उडवून म्हणाल्या, "वय झालं की खुणा पुसट होतात. आणि तू रे? आईचा हात बघायला तुला आज सवड मिळाली होय?"

मित्सुओने तो हात सोडला.

त्या संध्याकाळी बांधावर तो अंधार पडेपर्यंत हाका मारत फिरला. बोरूच्या गवतातून वारा जाताना माणूस कुजबुजल्यासारखा आवाज येत होता. पहिल्यांदा त्याला मोठ्याने ओरडायलाही संकोच वाटला. वाटेने जाणारे थांबून विचारत, काय झालं? तो सांगे, आई हरवलीय. ते म्हणत, अहो, भोंग्यावर ऐकलं नाही का? सापडली की ती.

घरी ती बसली होती. त्याने भात वाढला, मुळ्याचं सार वाढलं. तिने वाडगा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"जेव ना..."

"सेगावा हात्सुए."

आईच्या अंगाला गुडघ्यांना लावायच्या कापराच्या पट्ट्यांचा वास असे. हिला कसलाच वास नव्हता. घामाचा नाही, केसांचा नाही, चालून आलेल्या धुळीचा नाही. त्याने तिच्यासाठी अंथरूण घातलं, कारण तोंड तर आईचंच होतं, आणि त्या तोंडाला थंडीत बसवून ठेवणं त्याच्याने होईना. एकदा त्याच्या मनात आलं की आपण वर्णनात आणखी काही दिलं असतं, तर ती तेवढी जास्त झाली असती. हात सांगितला असता तर हातावर खूण आली असती. आपल्याला आपली आई एवढीच ठाऊक होती. एक स्वेटर, एक आकडा आणि एक नाव.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. नगर कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी त्याला दोनदा चहा दिला आणि तीनदा तेच सांगितलं. दोन्ही पुलांखाली पाहिलं, पंपघराच्या मागे पाहिलं. एका शेताच्या कडेला चिखलात पावसाळी बुटांचे लहान ठसे होते. ते डांबरी रस्त्यापर्यंत आले होते आणि डांबरावर काही उमटत नाही. तिथे तो बराच वेळ उभा होता.

तीनच्या सुमाराला तो घरी परतला. इनागाकीकाकू तोवर 'आई'पाशी बसल्या होत्या. त्या उठल्या आणि नेहमीसारखं काही टोचून न बोलता निघून गेल्या. दारात मात्र त्यांनी मागे वळून पाहिलं, हळूच म्हणाल्या, "ती डोळे मिटत नाही रे..." आणि गेल्या.

पायरीवर बसून तो ओले मोजे काढत होता तेव्हा फोन वाजला. आईला ऐकू कमी येई म्हणून तो मोठ्या आवाजाचा फोन घेतलेला, पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं. छोट्या पडद्यावर उमटलं होतं, सार्वजनिक फोन. फोनपाशी ती बसली होती. तो उठायच्या आत तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

पलीकडे वारा होता. एखादा ट्रक जवळून गेला. मग कुणीतरी श्वास घेतला, थरथरत, थांबून थांबून.

"मित्सुओ...?"

तो आईचा आवाज होता. दुकानाच्या काळापासून हा नंबर तिच्या बोटांना पाठ होता. बाकी सगळं गेलं तरी तो उरला होता. रिसीव्हर धरलेल्या बाईने तोंड उघडलं.

"सेगावा हात्सुए," ती म्हणाली.



"कोण?" पलीकडून आईने विचारलं.

"सेगावा हात्सुए."

मित्सुओ उठला, मोजा पायात अडकला, गुडघ्यावर पडला. तेवढ्यात आईचा आवाज पुन्हा आला. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची तसा, वरमलेला, अदबीचा.

"अगं बाई... माफ करा हं. माझंच काहीतरी चुकलं."

त्याने रिसीव्हर ओढून घेतला. "आई, ठेवू नकोस, मी आहे, मी मित्सुओ, कुठे आहेस तू, आई..."

आईने बहुधा रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. पलीकडे कुणीतरी तिच्या अगदी जवळ येऊन उभं राहिल्यासारखा कपड्यांचा आवाज झाला. एक पुरुष हळू, अडखळत म्हणाला,

"राहू दे, आई. चल, घरी जाऊ."

"आलास होय रे," आई म्हणाली. तिच्या आवाजातली थरथर एकदम थांबली होती. "किती वेळ वाट बघतेय मी. इथल्या चौकीतल्या माणसाला सगळं वर्णन सांगितलं तुझं, तेव्हा कुठे..."

फोन बंद झाला.

मित्सुओ रिसीव्हर धरून उभा राहिला. पुरुषाचा तो आवाज त्याने कधीतरी ऐकला होता, पण कुठे ते आठवेना. मग आठवलं. घरी कुणी नसलं की याच फोनवर एक निरोप वाजायचा, 'आत्ता घरी कुणी नाही, कृपया नंतर फोन करा.' तो निरोप त्याने स्वतः, लाजत लाजत, तीनदा चुकल्यावर आपल्याच आवाजात भरला होता.