स्वरूपस्मृती

रत्नागिरीच्या पदार्थ-प्रयोगशाळेत दिगंबर खानविलकरांनी पत्नीचे रक्तशुद्धी यंत्र टेबलावर ठेवले. कुमुदिनीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड ती घरीच या यंत्राला जोडून घेई. काल ते मध्येच बंद पडले होते.

"याला स्क्रू कुठे आहेत?"

"नाहीत," डॉ. नफिसा मुकादम म्हणाल्या. यंत्राच्या स्वयंभरणी पदार्थावर त्यांचे संशोधन होते. "हल्ली फ्रिज, मिक्सर, सगळं याचंच बनतं. चिरलं की आपोआप भरून येतं. म्हणून उघडायची सोयच ठेवत नाहीत."

"कंपनी म्हणते नवीन घ्या. यायला महिना लागेल. इस्पितळात हीच यंत्रं आहेत, निम्मी बंद, उरलेल्यांसाठी मोठी रांग. कुमुद इतकी थांबू शकणार नाही, नफिसाताई."

नफिसाताईंनी यंत्राची आतली प्रतिमा पडद्यावर घेतली. पंपातली एक कडी झिजून पातळ झाली होती.

"मग ही का भरून आली नाही?"

"या पदार्थाच्या कणाकणात यंत्राचं रूप साठवलेलं असतं. ती त्याची स्वरूपस्मृती. काही तुटलं, की त्या स्मृतीप्रमाणे ते पुन्हा घडतं. पण कडी एकदम तुटली नाही, रोज जराशी झिजली. यंत्रानं रोज तेच आपलं रूप मानलं. आता त्याच्या लेखी झिजलेली कडीच बरोबर आहे."

दिगंबररावांनी लेथवर नवी कडी कातली. नफिसाताईंनी कवच चिरले आणि मिटू पाहणाऱ्या कडा चिमट्यांनी धरून ठेवल्या. जुनी कडी काढून नवी बसवताच चीर मिटली. पाणी भरून चाचणी घेतली, दाब अगदी योग्य आला. दिगंबररावांनी घरी फोन केला.

"झालं. घेऊन येतो."

कुमुदिनी म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

संध्याकाळी ती यंत्राला जोडून पडली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरू लागला, तोच पंपावरचे कवच फुगले. ते सावकाश उकलले, नवी कडी बाहेर ढकलली गेली आणि फरशीवर पडली. तिच्यावर एक ओरखडाही नव्हता. पंप मंदावत थांबला. दिगंबररावांनी नफिसाताईंना फोन लावला.

"आत पुन्हा झिजलेली कडी घडली असणार," त्या म्हणाल्या. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"पण आपली कडी चांगली होती."

"चांगलं-वाईट त्याला कळत नाही, दिगंबरराव. आपण केलेला बदल त्याला जखम वाटला. ती त्यानं भरून काढली."

"पुन्हा बसवली तर?"

"पुन्हा काढून टाकेल."

दिगंबररावांनी फोन ठेवला. कुमुदिनी यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. तिथे हिरव्या अक्षरांत उमटले होते : दुरुस्ती पूर्ण.

तिने काही न विचारता हात पुढे केला, आणि ते त्यातल्या सुया काढू लागले.