पूर्णेकर बुवांचं गाणं

सेलूच्या कापूसबाजारात दिनकररावांच्या शब्दाला वजन होतं. चिमटीत रुई धरून, धागा ताणून ते नुसतं "हूं" म्हणाले तरी माल पास व्हायचा. पण ज्यातलं कळतं तेवढ्यावर माणसाचं भागत नाही. आपल्याला गाण्यातलंही कळतं, असं दिनकररावांना म्हणवून घ्यायचं होतं. घरी कर्ण्याचा फोनो होता, थोड्या तबकड्या होत्या, आणि तबकडी संपली की डोळे उघडायला थोडा उशीर करायचा, हे त्यांनी शिकून घेतलं होतं. एवढ्या भांडवलावर ते गावचे रसिक झाले होते.

समोर बसून नावाजलेला गवई त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. हे फक्त त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना ठाऊक होतं, आणि ती बाई नवऱ्याची लाज झाकण्यात पटाईत होती.

माणिकराव वकील हैदराबादेला कोर्टाच्या कामानं जायचे आणि प्रत्येक खेपेला एखादा गवई ऐकून यायचे. निदान तसं सांगायचे. एका संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बैठक बसली होती. जिनिंगवाले बन्सीधरशेठ पूर्णेला गाडी चुकल्याची हकिगत सांगत होते. ती संपली आणि गोष्ट गाण्यावर आली. वकिलांनी दोन मोठी नावं घेतली, शेठजींनी उरलेली घेतली.

"आता तुमी सांगा, दिनकरराव," वकील पानाला चुना लावत म्हणाले. "समोर बसून कुणाला ऐकलंय? का नुसत्या तबकड्याच?"

शेठजी हसले. दिनकररावांचे कान तापले. ओसरीसमोर लिंबाचं झाड होतं.

"लिंबाजीबुवा," ते म्हणाले. आणि नाव उघडंबोडकं वाटलं म्हणून पुढं जोडलं, "पूर्णेकर."

वकिलांचा हात पानावरच थांबला. "अरे, पूर्णेकर बुवा! आमीबी ऐकलंय की त्यांना. काय आवाज हो! जमिनीतून आल्यासारखा."

"जमिनीतूनच," बन्सीधरशेठ म्हणाले.

खोटं बोलणाऱ्याला आपल्याहून सराईत भेटला म्हणजे जो आनंद होतो, तो घेऊन दिनकरराव घरी आले. रात्री अंथरुणावर ते एकटेच हसले.

आठवड्यानं सोनपेठचा चंद्रभान नावाचा व्यापारी माल घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, "बुवांना ऐकलंय मी. गाताना डावा तळवा भुईला टेकवतेत बघा." त्यानं टेकवून दाखवला. दिनकररावांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, कारण ती त्यांना सुचलीच नव्हती. दुपारी ते शेठजींच्या जिनिंग कारखान्यात गेले, तर बन्सीधरशेठ मुनिमाला काहीतरी रंगवून सांगत होते. त्यांचा डावा तळवा गादीवर पालथा टेकला होता. चंद्रभान आणि शेठजी एकमेकांना ओळखतही नव्हते.

संध्याकाळी सुमनबाई परभणीला शिकणाऱ्या थोरल्या मुलाची आठवण काढत चुलीपुढं भाकरी थापत होत्या. दिनकरराव पाटावर बसून म्हणाले, "लोकं काय येडी हायेत! मी झाडाकडं बघून नाव घेतलं, अन् सगळे त्याला ऐकून आलेत म्हणे."

"कुणाचं नाव?"

"लिंबाजीबुवा पूर्णेकर."

सुमनबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "असं काय करायलाव? आपल्या लग्नात गायले की ते. माझ्या अण्णांनी किती हातापाया पडून आणलं होतं."

"थट्टा पुरे."

त्यांनी वळून नवऱ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "तुमी तर मुंडावळ्या लावून रडला होतात, सगळ्यांदेखत. ईसरलात?"

तव्यावरची भाकरी फुगून करपायला लागली, तरी दिनकररावांना तिच्याकडं बोट दाखवायचं सुचलं नाही. त्यांचं खोटं जाणणारं एकच माणूस जगात होतं. आता तेही उरलं नाही.

मग गावानं बुवांना बोलवायचं ठरवलं. आणायला कोण जाणार, हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही. दिनकरराव मनात बेत बांधून गाडीत बसले: पूर्णेला उतरायचं, फलाटावर चहा घ्यायचा, उलट गाडीनं परत यायचं आणि बुवांच्या प्रकृतीचं कारण सांगायचं.

पूर्णेच्या फलाटावर चहा घेतला. कपबशी खाली ठेवली, तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसलेला होता. अंगावर स्वच्छ धोतर, विटका कोट. शेजारी गोधडीत गुंडाळलेला तंबोरा. त्याचा डावा तळवा बाकावर पालथा पडला होता.

"चला," म्हातारा म्हणाला. "लय वाट बघायला लावली."

"आपण... आपलं नाव?"

म्हाताऱ्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं. "नाव तुमीच ठेवलं, अन् मलाच इचारायलाव?"

दोघं सेलूच्या गाडीत चढले.

बैठक भर दुपारी कारखान्याच्या वखारीत झाली. तिन्ही बाजूंना कापसाच्या गासड्या छपरापर्यंत रचलेल्या होत्या. सरकीचा तेलकट वास होता, आणि छपराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. एका अंगाला बायका बसल्या होत्या, त्यांत सुमनबाई. दिनकररावांना मान म्हणून बुवांच्या अगदी समोर बसवलं होतं.

तंबोरा लागला. तो त्यांना ऐकू आला. तबल्यावर हातोडी पडली, तीही ऐकू आली. मागं कुणीतरी खाकरलं. बुवांनी डावा तळवा भुईला टेकवला आणि तोंड उघडलं.

आणि सगळं थांबलं.

तंबोऱ्याच्या तारा हलत होत्या. तबलजीची बोटं पडत होती. बुवांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या जात होत्या. आवाज नव्हता. गासडीत डोकं खुपसल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी कानात बोट फिरवलं. शेजारी पाहिलं.

माणिकराव वकील तोंड उघडं टाकून रडत होते. बन्सीधरशेठांची टोपी मांडीवर पडली होती. सुमनबाईंचे डोळे मिटलेले, ओठ विलग, गालांवरून धार.

सगळ्यांच्या माना एकदम खाली आल्या. सम आली असावी. दिनकररावांनी आपलीही मान खाली आणली. जराशी उशिरा.

बुवांनी ते पाहिलं.

किती वेळ गेला, कळलं नाही. बुवांचं तोंड मिटलं आणि वखारीत पुन्हा माणसांचे श्वास ऐकू आले. बुवा पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "दिनकरराव, आलं का ऐकू?"

सगळी वखार त्यांच्याकडं बघू लागली. सुमनबाईसुद्धा. "न्हाई" एवढाच शब्द होता. तो त्यांच्या जिभेवर आला. दातांपर्यंत आला.

"वा," दिनकरराव म्हणाले. "क्या बात है. लग्नातल्यासारखंच."

बुवांनी मान खाली घातली. आपलं माणूस चारचौघांत उघडं पडलं की आपण घालतो, तशी.

बुवांना गाडीवर कुणी पोचवलं, हे नंतर ठरेना. वकील म्हणाले शेठजींनी, शेठजी म्हणाले वकिलांनी. पण त्यांची चीज गावात राहिली. बाजारात काट्यावर माप घालणारा हमाल ती गुणगुणायचा. दिनकररावांना ते कळायचं, कारण त्याचे ओठ हलायचे आणि सगळा बाजार मुका व्हायचा. गाड्यांची चाकं, बैलांच्या घुंगुरमाळा, सगळं जायचं. हमाल गप्प झाला की बाजार परत यायचा. पुढंपुढं यायला उशीर करू लागला.

कुणाला सांगावं? भर वखारीत वा म्हटल्यावर सांगायचं तरी काय? ते माणसांच्या तोंडाकडं बघून बोलायला शिकले. ओठ लांबले की हसायचं, भुवया चढल्या की "बरोबर हाय" म्हणायचं. उरलेल्या वेळी मान डोलवायची. लोक म्हणत, दिनकरराव आता पुरते गाण्यात बुडालेत.

त्या सकाळी ते अंगणात दात घासत होते. लिंबावर चिमण्या उडत होत्या, पण मुक्या. कुणीतरी जवळपास गात असणार. एवढ्यात सुमनबाई दारात आल्या. डोळे मिटलेले, तोंड उघडं, गालांवरून धार. अगदी वखारीत होता तसा चेहरा.

दिनकरराव हसले. डोळे अर्धे मिटून त्यांनी हात वर केला.

"वा!" ते म्हणाले. "क्या बात है!"

सुमनबाईंनी डोळे उघडले. त्या नवऱ्याकडं पाहत राहिल्या, मग चौकटीला धरून खाली बसल्या. फाटकातून वकील आले, बोडक्या डोक्यानं. मग शेठजी. मग स्टेशनाकडची अनोळखी माणसं, वहाणा बाहेर काढून. सगळ्यांचे ओठ हलत होते. फाटकाशी बैलगाडी उभी होती, आणि तिच्यातलं काहीतरी पांढऱ्या चादरीनं झाकलेलं होतं.

सुमनबाई, धाकटी पोरं, घरात असायची ती सगळी माणसं समोर दिसत होती. थोरला तेवढा परभणीला शिकायला होता.

वकिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड जवळ आणून बराच वेळ काहीतरी सांगितलं. ते सांगून थांबले आणि उत्तराची वाट पाहू लागले.

दिनकररावांनी मान डोलवली.