एकाहत्तर किलो

उडनादत्ता गावाच्या उत्तर टोकाला माझी पत्र्याची शेड आहे. सिम्पसनच्या वाळवंटात शिरणाऱ्या गाड्या मी तिथे जोखते. बावीस वर्षं झाली. चार चाकांखाली चार सपाट काटे सरकवायचे, डिझेल आणि पाणी काठोकाठ भरायचं, माणसांना आपापल्या जागी बसवायचं आणि मग आकडा बघायचा. लोकांना वाटतं, गाडीत जागा आहे म्हणजे वजनालाही वाव आहे. कसलं काय! छतावर तंबू, मागे फ्रीज, पुढे लोखंडी बंपर, आणि मग वाळूच्या चढावर चाकावरचा कमानपाटा तुटला की बसा बोंबलत. माझा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मर्यादेच्या वर एक किलो दिसला तरी माझ्या सहीची चिठ्ठी मिळत नाही.

माझा धाकटा भाऊ क्लेम सप्टेंबरमध्ये नोकरीतून मोकळा झाला, तेव्हा त्यालाही मी तोच नियम लावला. तो आणि त्याची बायको नोरीन सिम्पसन पार करून पलीकडच्या बर्ड्सव्हिल गावाला निघाले होते. अकराशे वाळूच्या टेकड्या, पाच दिवस. आमच्या बापाला आयुष्यभर जायचं होतं आणि जमलं नाही, म्हणून क्लेमच्या डोक्यात हे लहानपणापासून होतं.

त्याच्या गाडीची मर्यादा तीन हजार तीनशे किलो. सगळं भरून, दोघांना बसवून आकडा आला तीन हजार दोनशे सत्तर. मग दोघांना वेगवेगळं जोखलं.

"माझं मोठ्याने वाचायचं नाही हं," नोरीन म्हणाली.

"चौसष्ट," क्लेम ओरडला, "आणि त्यातले दोन किलो नुसते केसांचे!"

तो स्वतः ब्याण्णव भरला. हे आकडे मी माझ्या वहीत लिहिले. वहीत मी सगळंच लिहिते.

निघण्याआधी ते वाळवंटाच्या अलीकडच्या काठावर, डलहौसीच्या गरम झऱ्यांपर्यंत सरावाची फेरी मारून आले. तीन दिवसांनी परतले ते तांबड्या धुळीने माखून, खूश होऊन. मी डिझेल आणि पाणी पुन्हा काठोकाठ भरायला लावलं, खाल्लेल्या डब्यांच्या जागी डबे ठेवायला लावले आणि गाडी काट्यांवर घेतली.

तीन हजार तीनशे एकेचाळीस.

"काय उचलून आणलंस रे? दगड?"

"शपथेवर सांगतो, काही नाही. काटा म्हातारा झालाय, मर्ल. मालकिणीसारखा."

"काट्याला नाव ठेवू नकोस. चिखल असेल."

सुकलेला चिखल गाडीच्या पोटाला चाळीस-पन्नास किलोसुद्धा चिकटतो, हे मी पाहिलेलं आहे. आम्ही तासभर पाणी मारून गाडी खालून धुतली. तीन हजार तीनशे एकेचाळीस. मी काट्यांची अदलाबदल केली, पुढचे मागे, मागचे पुढे. पाण्याने भरलेलं पिंप ठेवून चारही काटे तपासले. काटे बरोबर होते. शेवटी मी हट्टाला पेटले. सगळं सामान ताडपत्रीवर काढलं, एकेक वस्तू जोखली, अगदी चमचेसुद्धा. सामानाचा आकडा जुळला. रिकामी गाडी मात्र एकाहत्तर किलोने जड होती, आणि ते सगळे एकाहत्तर मागच्या डाव्या चाकावर होते.

मी मागचं डावं दार उघडलं. सीटवर उन्हाचा पट्टा पडला होता, बाकी काही नव्हतं. हात फिरवला. सीट गरम होती, आणि मधोमध थोडी दबलेली.

"वाटेत कुठे थांबला होतात?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे?" क्लेम म्हणाला. "झऱ्यावर. आणि त्या गाडीपाशी."

"कुठल्या गाडीपाशी?"

नोरीनने सांगितलं. झऱ्यांच्या अलीकडे, दगडगोट्यांच्या माळावर, एक जुनी हिरवी गाडी बॉनेट वर करून उभी होती. आत कोणी नाही. मागे चाकांच्या खुणाही नव्हत्या. क्लेम म्हणाला, वाऱ्याने पुसल्या असतील. मग बापाने शिकवलं होतं तसं त्याने केलं. आमच्या घरची रीतच ती. बंद पडलेली गाडी दिसली की थांबायचं, आधी आपलं मागचं डावं दार सताड उघडायचं, मग तीनदा हॉर्न द्यायचा आणि चहाचं पाणी उकळेपर्यंत वाट बघायची. उन्हाने घसा सुकलेल्या माणसाला हाक मारता येत नाही. तो कुठल्या झुडपाखाली पडलेला असतो. उघडं दार दिसलं की त्याला कळतं, इथे आपल्याला जागा आहे.

"पण कोणी आलंच नाही," नोरीन म्हणाली. "माश्याच आत भरल्या. मग क्लेमने दार लावलं आणि आम्ही निघालो."

"मी कुठे लावलं?" क्लेम म्हणाला. "मी चहा पीत होतो. तूच लावलंस."

"छे! मी पुढेच बसले होते."

मग क्लेम हसला, पण नोरीन हसली नाही.

मी म्हणाले, "जाऊ नकोस."

"का?"

"का ते मला सांगता येत नाही."

"वा! बावीस वर्षं लोकांना ऐकवतेस, आकडा बघा, अंगात आल्यासारखं बोलू नका. आता तुझ्याच अंगात आलं? जास्त किती आहे? एकेचाळीस ना?" असं म्हणून त्याने पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन डबे उचलले आणि माझ्या शेडच्या भिंतीशी ठेवले. "बघ आता."

"पाणी नको काढूस. फ्रीज काढ."

"आणि खायचं काय, तुझं डोकं? ऐंशी लिटर उरतंय. दोन माणसांना आठ दिवस पुरेल."

हिशेब त्याचा बरोबर होता. दोन माणसांना पुरलं असतं. काट्यावर आकडा आला तीन हजार दोनशे नव्याण्णव. मर्यादेच्या आत, एका किलोने. नियम माझाच. मी चिठ्ठीवर सही केली. त्या सहीबद्दल मी स्वतःला माफ करू शकलेले नाही, आणि करणारही नाही.

शुक्रवारी सकाळी ते गेले. गाडी वळताना मागची डावी बाजू जराशी खाली होती. मी हात हलवत राहिले.

रोज संध्याकाळी सहाला नोरीन गाडीतल्या रेडिओवरून माझ्याशी बोलायची. पहिल्या दिवशी तिने उंटांचा कळप पाहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, चढावर गाडी मागे ओढल्यासारखी करते. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला होता.

"मर्ल, पाणी फार लवकर संपतंय गं. डबे कुठे गळत नाहीत. आम्ही दोघं एवढं पीत नाही."

"परत फिरा. आत्ताच."

"उद्या सकाळी फिरतोय. क्लेम मागे बघत नाही आता. त्याने आरसा काढून ठेवलाय."

"नोरीन, ते मागचं दार—"

खरखर सुरू झाली. चौथ्या दिवशी सहा वाजता मी रेडिओपाशी बसले होते. सात वाजले तरी बसले होते.

पाचव्या दिवशी शोधायला विमान गेलं. सहाव्या दिवशी गाडी सापडली, एका टेकडीच्या माथ्यावर, परतीच्या दिशेला तोंड करून. चाकं धड, कमानपाटे धड, अर्धी टाकी डिझेल. पाण्याचे डबे कोरडे. चारही दारं नीट लावलेली. क्लेम आणि नोरीन नव्हते. पायांच्या खुणा नव्हत्या. बारा दिवस शोधलं. पोलिसांनी लिहिलं, पाण्याच्या शोधात चालत गेले असावेत. चाळीस लिटर पाणी अजून माझ्या भिंतीशी आहे. ते दोन डबे मला हलववतही नाहीत.

महिन्याभराने गाडी ट्रकवर घालून आणली. चौकशीसाठी रिकाम्या गाडीचं वजन हवं होतं, आणि तीनशे मैलांत काटे फक्त माझ्याकडे. आमच्या गावचा पोलीस डगन बिचारा भला माणूस. त्याने स्वतः सगळं सामान काढलं, टाकी उपसली, वाळू झाडली.

"नको वाटत असेल तर तू आत जा, मर्ल. आकडा मी वाचतो."

"माझे काटे आहेत. मीच वाचणार."

माझ्या वहीप्रमाणे गाडी रिकामी, कोरडी दोन हजार सहाशे चाळीस. काट्यांवर आले दोन हजार आठशे सदुसष्ट.

"आत कुठेतरी वाळू राहिली असेल," डगन म्हणाला आणि आकडा टिपून, जेवायला म्हणून गेला.

मी वजाबाकी केली. दोनशे सत्तावीस. मग वही उघडून बेरीज केली, तीनतीनदा केली. ब्याण्णव, चौसष्ट आणि एकाहत्तर.

पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या होत्या. मी काचेला हात लावून उभी राहिले आणि रडले. रडून झाल्यावर मला एवढंच सुचलं, की यांना इथून बाहेर काढायचं. घरी न्यायचं.

माझी गाडी मी त्यांच्या गाडीला लागून उभी केली. त्यांची चारही दारं उघडली. माझंही मागचं डावं दार सताड उघडलं. तीनदा हॉर्न दिला. स्टोव्हवर किटली ठेवली.

"क्लेम," मी म्हणाले. "नोरीन. चला, जागा आहे."

दुपार होती. पत्रा तापून कडकड वाजत होता. माश्या दोन्ही गाड्यांतून आतबाहेर करत होत्या.

किटलीतलं पाणी उकळायला लागलं.

काट्यावरचा आकडा हलला. दोन हजार सातशे शहाण्णव. तिथेच थांबला.

एकाहत्तर कमी. फक्त एकाहत्तर. क्लेम आणि नोरीन जिथे होते तिथेच होते.

शेजारी माझी गाडी मागच्या डाव्या बाजूला हळूच खाली बसली.

आणि माश्या आत शिरू नयेत म्हणून आपण लावतो तसं, तिचं मागचं दार कोणीतरी आतून हलकेच ओढून घेतलं.