आप्पाजींचा अंगठा

बापाच्या मातीचं सामान आणायला योगीराज सकाळीच के. आर. पुरमच्या बाजारात गेला. नवं धोतर, हळद, कापूर, सुतळी... आणि कुणालाही न सांगता एक जांभळ्या शाईचं पॅडही त्याने खिशात टाकलं.

त्याचे वडील, म्हातारे आप्पाजी म्हणजे हुणसेपाळ्या गावाचा खांब हो! शहराच्या बाजूने, सर्जापूर रोडकडून लेआउटवाले आले, तेव्हा मोजणीची साखळी पायाखाली दाबून उभा राहिला तो हाच माणूस. गावाचं स्मशान आणि गायरान मोडून त्यांना साइट, म्हणजे घरांचे प्लॉट, पाडायच्या होत्या, आणि तिकडं जायची वाट आप्पाजींच्या दोन एकरांतून होती. ते दोन एकर नाहीत तर लेआउटही नाही. हरकतीच्या अर्जावर पहिला अंगठा त्यांचाच पडला. कधीकाळी विळ्याने तिरपा चिरलेला अंगठा, सारं गाव ओळखायचं तो.

योगीराजला मात्र शहराचं वेड. एजंट बसवंतने त्याला कोपऱ्याची साइट कबूल केली होती आणि मागची तारीख घातलेला संमतीचा कागद हातात दिला होता. "अंगठा आजच घे, अण्णा. उद्या कुठून आणशील?" असं म्हणाला मेला, आणि याला ते पटलंही!

बायाबापड्या अंगणात पाणी तापवत होत्या. योगीराजने दार लोटलं. भर दुपारी आत अंधारल्यासारखं झालं, हळदीचा वास नाकात बसला. त्याने बापाचा डावा हात उचलला. गार, आणि जड... नको म्हणत असल्यासारखा. अंगठा कागदावर दाबला, तिरप्या खुणेसकट उमटला.

आंघोळ घालताना ठकुबाई थांबली. "योगी, ह्यांच्या अंगठ्याला काय रे हे?"

"अर्जाची शाई असेल, आई..."

"त्याला महिना झाला की."

तिने चिंचेने घासलं, राखेने घासलं. डाग हलेना. शेवटी पदर डोळ्यांना लावून ती बाजूला झाली. तिचा पदर घसरला की आप्पाजी चारचौघांत तो नीट करायचे, आणि ती लाजून त्यांचा हात झटकायची. आज पदर तसाच लोंबत राहिला. त्यांच्यात पुरतात; जांभळ्या अंगठ्यासकट आप्पाजी मातीआड गेले.

तिसऱ्या दिवशी लेआउटवाल्यांनी रोवलेल्या चुन्याच्या प्रत्येक दगडावर जांभळा अंगठा दिसला. तिरपा चिरलेला. गावातली पोरं हसली, "आप्पाजी अजून हरकत घेतायत!" योगीराजला हसू आलं नाही. घरी आल्यावर त्याने तीनदा हात धुतले. डावा अंगठा बधिर झाला होता.

तेरावा उरकून तो बसवंतबरोबर रजिस्ट्रारच्या कचेरीत गेला. वारस म्हणून त्याचाही अंगठा लागत होता. कारकुनाने त्याचा अंगठा शाईवर फिरवला. "स्वल्प... जरा जोरात दाबा."

कारकून खाली बघतच राहिला. मग त्याने आप्पाजींचा संमतीचा कागद शेजारी ठेवला. दोन्ही ठसे एकच. तीच तिरपी चीर.

"बाप आणि मुलगा, दोघांच्या नावावर एकच अंगठा? काय फसवाफसवी आहे ही?"

योगीराजने अंगठा डोळ्यांसमोर धरला. कातडी साफ, जखमेचा मागमूस नाही. पुन्हा दाबला. पुन्हा तीच चीर... कारकुनाने दोन्ही कागदांवर लाल रेघ ओढली. बसवंत कधी निसटला ते कळलंही नाही. लेआउट तिथंच अडकला.

योगीराज घरी आला तेव्हा तिन्हीसांज होत होती. तो आईच्या पायाशी बसला आणि सगळं सांगून ढसाढसा रडला. "चुकलो गं, आई! मेलेल्या बापाचा हात धरला मी."

ठकुबाईने पाणी घेऊन त्याचा अंगठा चोळला. शाई लगेच निघाली. तरी तिने हात सोडला नाही.

"इतका गार कसा रे?"

"कळत नाही... आता कोपरापर्यंत आलंय."

ती वाकली, तसा तिचा पदर खांद्यावरून घसरला. योगीराज हललासुद्धा नाही. पण त्याचा डावा हात आपोआप वर उठला, आणि त्याने तिचा पदर हळूच नीट केला.