खाली ठेवलेला प्याला

ओमानमधल्या निझव्यात चहाच्या दुकानासमोर गाड्यांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत डोरोता पायी उभी होती. मागच्या पांढऱ्या गाडीने भोंगा वाजवला. मग पुन्हा वाजवला. पोलंडहून अरबी शिकायला आलेली ही पोरगी मुळात तिखटच. वळली आणि काचेवर टकटक करून म्हणाली, "मी काय रस्ता अडवलाय तुमचा?"

"रस्ता नाही हो… चहावाल्याची नजर अडवलीय," आतला तरुण हसू दाबत म्हणाला. "इथे भोंगा वाजवला की चहा गाडीपाशी येतो. तुमच्याकडे भोंगा नाही, तेव्हा एक कप माझ्याकडून."

तो मुहन्नद. निघाला तिच्याच विद्यापीठातला. मग काय, हिवाळा कधी सरला ते कळलंच नाही. मस्कतच्या मॉलमध्ये, त्याची धाकटी बहीण शमसा सोबत असली तरी, जीन्समधला हा पठ्ठ्या अखंड बडबडायचा, डोरोताच्या उच्चारांची टर उडवायचा आणि तिच्या ताटातले बटाटे खुशाल पळवायचा.

आता गुरुवारी तिचं विमान होतं. विद्यापीठ आणखी एक वर्ष ठेवून घ्यायला तयार होतं, पण राहायचं कुणासाठी? तो 'थांब' म्हणत नव्हता, आणि हिला विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी शमसाने तिला घरी जेवायला ओढून नेलं.

घरी तर निराळाच मुहन्नद होता. पायघोळ पांढरा अंगरखा, डोक्यावर नक्षीची टोपी, आणि नजर गालिच्यावर. जेवणभर त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. डोरोता पार गोंधळली. मॉलमधला खरा, की हा?

जेवणानंतर तो कॉफी ओतायला आला. तिचा प्याला भरताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली… आणि झटकन मागे गेली. तिला कॉफी नकोशीच झाली, म्हणून तिने भरला प्याला तसाच खाली ठेवला.

सगळ्यांच्या नजरा त्या प्याल्याकडे वळल्या.

"माग, पोरी," मुहन्नदची आई हळूच म्हणाली. "मी 'दिलं' म्हटल्याशिवाय पिऊ नकोस."

डोरोता बावचळली. शमसा कानाशी कुजबुजली, की मोठं मागणं घेऊन आलेला पाहुणाच असा प्याला खाली ठेवतो… बहुतेक वेळा मुलीला मागणी घालायला आलेला.

डोरोताचे कान लालबुंद झाले. चूक झाली म्हणावं, की…? मुहन्नद कॉफीदाणी घेऊन अजून तिच्यासमोरच उभा होता. ते पाहून तिला कुठून कोण जाणे, बळ आलं.

"मावशी, तुमचा मुलगा इथे माझ्याकडे बघत का नाही, एवढंच सांगा."

आईने लेकाकडे पाहिलं. "सांग बाबा तूच."

"पाहुणीकडे टक लावून बघायचं नसतं," तो गालिच्यालाच म्हणाला. मग त्याने मान वर केली. "पण तू… पाहुणी राहिली नाहीस, तर जन्मभर बघेन. थांब, डोरोता."

"दिलं," आई म्हणाली. "पी आता. याच्या बापाशी मी बोलते."

डोरोताने एका घोटात कॉफी संपवली आणि जीभ भाजून घेतली. लग्न ठरलं, की नुसतं तिकीट रद्द झालं, हे तिला अजूनही नीट कळलं नव्हतं. तो मात्र अजून बघत होता.