बेमालूम रफू

वैशाखात वीज गेली की आमच्या गल्लीत माणसं दिसू लागतात. एरवी ती पंख्याखाली असतात. त्या रात्री शेजारच्या उषाताईंची दोन मुलं, रोहित आणि स्नेहल, माझ्या ओट्यावर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं दोघं इंदूरला निघणार होती. काम काय, तर जुने कपडे विकत घ्यायचे.

"जुने?" मी विचारलं. "घरात कमी पडले?"

"व्हिंटेज, काका," स्नेहल म्हणाली. "कॉलेजचं फंक्शन आहे. मला साडी, याला जॅकेट. तुमची पोस्टिंग होती ना इंदूरला? राजवाड्याच्या मागं अशी दुकानं नेमकी कुठं आहेत?"

"आम्ही जुने कपडे भांडीवालीला घालून पातेली घेतली," मी म्हणालो. "तेच कपडे इस्त्री करून तुम्हाला विकतात, आणि त्याला व्हिंटेज म्हणतात, हे मला रिटायर झाल्यावर कळलं. त्या हिशेबानं माझी पेन्शनसुद्धा व्हिंटेज आहे."

"पता बताओ ना काका," रोहित म्हणाला. "लेक्चर बाद में."

"पत्ता सांगतो. एक दुकान मला चांगलं माहीत आहे. मी गेलेलो नाही. आमच्या दत्तात्रयची सून गेली होती. आधी ते ऐका, मग जायचं असेल तर जा."

दत्तात्रय पाटबंधारे खात्यात माझ्या शेजारच्या टेबलावर होता. घर इथंच बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यात. त्याचा मुलगा ललित केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे, दिवसभर ट्रक भरून घेतो. ललितची पहिली बायको चारुलता. चार वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली. चांगली चालतीबोलती पोरगी, आठवड्यात संपली. सवाष्ण गेलेली, म्हणून माहेरच्यांनी साड्या आणल्या. त्यांत तिच्या आवडीची एक हिरवी होती, तांबूस जरीची.

आपल्याकडे रीत आहे. प्रेतावर घालायच्या साडीच्या पदराचा एक कोपरा आधी कापतात. म्हणजे ते वस्त्र जिवंत माणसाचं राहिलं नाही. त्या हिरव्या साडीचा कोपरा रजनीवहिनींनी, म्हणजे दत्तात्रयच्या बायकोनं, विळीवर धरून कापला. हात थरथरत होता, काप तिरका गेला. मी समोर उभा होतो. मग तापीकाठी राजघाटावर चिता पेटवण्याआधी साड्या काढून बाजूला ठेवल्या. ठेवतातच तशा. त्या पुढं कोण उचलतं, ते कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

दोन वर्षांनी ललितचं दुसरं लग्न झालं. मुलगी अकोल्याची, नाव तेजस्विनी. हसरी, कामाची, आणि हातात सुई घेतली की पाहत राहावं अशी. पण दुसरेपणावर आलेल्या बाईला हसून काय उपयोग? गल्लीतल्या बाया तिला बघायला यायच्या आणि चारुलताबद्दल बोलून जायच्या. चारुलता असं करायची, चारुलताच्या पुरणपोळ्या, चारुलताला हिरवं काय खुलायचं. मेलेल्या माणसाच्या हातचा स्वयंपाक कधी बिघडत नाही. तेजस्विनी चहा द्यायची आणि ऐकून घ्यायची.

गेल्या संक्रांतीला तिनं घरी हळदीकुंकू ठरवलं. त्या सगळ्या बाया येणार होत्या. तिनं मनाशी घेतलं, बुऱ्हाणपुरात कोणाकडेच नसेल अशी साडी नेसायची. एकदा तरी सगळ्यांनी तिच्याकडे बघावं. फक्त तिच्याकडे. बाकी काही नको होतं तिला.

संक्रांतीच्या महिनाभर आधी इंदूरला कोणाचं तरी लग्न निघालं. अक्षता पडल्याबरोबर तिनं ललितला मांडवातून बाहेर काढलं आणि राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून फिरवलं. फोनमधला नकाशा एकदा त्यांना पिठाच्या गिरणीत घेऊन गेला, एकदा दाताच्या डॉक्टरकडे. एका दुकानात जुने कपडे मिळाले, पण ते नवे शिवून चहात बुडवलेले होते. ललितचे पाय दुखायला लागले. शेवटी एका बोळात जिना चढून गेलं की वर एक खोली. खिडकी नाही, पिवळा दिवा, दांडीवर साड्या टांगलेल्या. खुर्चीवर एक बाई बसलेली. ती उठली नाही.

"हाथ लगाना है तो लेना पड़ेगा," बाई म्हणाली.

असल्या ठिकाणाहून शहाणा माणूस परत फिरतो. तेजस्विनी सरळ दांडीपाशी गेली आणि चाचपायला लागली. एका साडीवर तिचा हात थांबला.

हिरवी. तांबूस जरीची.

"ओरिजिनल पीस है," बाई म्हणाली. "कोने पे ज़रा कट है. बाकी एकदम साफ."

"कटचं काय, मी रफू करीन," तेजस्विनी म्हणाली. "ललित, कशी आहे?"

"मग ललितनं ओळखली नाही?" स्नेहलनं मध्येच विचारलं.

अगं, मी पस्तीस वर्षं संसार केला. माझ्या बायकोकडे कोणत्या साड्या होत्या, विचार. पुरुषाला साडीतले दोनच रंग कळतात, लाल आणि दुसरा. ललितला एवढंच झालं की छातीत गच्च भरून आलं. त्याला वाटलं, लग्नातली कचोरी. तो म्हणाला, "छान आहे, चल लवकर." निघताना बाईनं साडी पिशवीत घातली. वर एवढंच म्हणाली, "वापस नहीं होगी."

घरी आल्यावर तेजस्विनी रफूला बसली. साडी नेसताना जो भाग आत खोचला जातो, तिथले धागे काढले, आणि त्याच धाग्यांनी दुपारच्या दुपारी बसून कोपरा पुन्हा विणला. ललितनं उजेडात धरून पाहिलं. कुठं फाटलं होतं ते कळेना. "बेमालूम!" तो म्हणाला. "चारुलतासुद्धा इतकं…" तेजस्विनीनं ऐकलं. दात आवळून तिनं धागा तोडला.

घरात तेव्हा दोघंच. दत्तात्रय आणि रजनीवहिनी खंडव्याला गेले होते, तृप्तीच्या बाळंतपणाला. तृप्ती म्हणजे त्यांची मुलगी. साडी ओळखणारं एकच माणूस, आणि ते नेमकं घरात नाही.

रात्र पौषातल्या बीजेची. रविवार होता. थंडी अशी की राजघाटाकडून येणारा वारा दाराच्या फटीतून शिट्टी घालत होता. तेजस्विनीच्या माहेरी बीजेच्या चंद्राला दशी वाहायचे. दशी म्हणजे पदराचा एक धागा. तो ओढून चंद्राकडे टाकायचा आणि म्हणायचं, जुनं घे, नवं दे. तिला वाटलं, हीच साडी नेसून वाहू. तेवढंच नेसून बघणं होईल. चंद्र मावळतीला टेकला होता. ती गच्चीवर गेली, मागं ललित. तिनं पदराच्या कडेचा धागा चिमटीत धरला आणि ओढला.

धागा तुटेना.

"मजबूत माल आहे," ती हसून म्हणाली. पुन्हा ओढला. वीतभर बाहेर आला. मग थांबला. मग… आत गेला.

"तू सोडलास?" ललितनं विचारलं.

"नाही." तिनं चिमूट दाखवली. बोटाच्या कातडीवर रेघ उमटली होती, लाल.

दोघं खाली आले. जेवायला बसणार तेवढ्यात खंडव्याहून व्हिडिओ कॉल आला. हा पुढचा भाग दत्तात्रयनं स्वतः पाहिला, वहिनींच्या खांद्यावरून. तेजस्विनी हौसेनं फोन लांब धरून म्हणाली, "आई, बघा! संक्रांतीला नेसणार आहे. ओळखा कुठून आणली?"

वहिनी बघत राहिल्या.

"आई? आवाज येतोय ना?"

"पदर दाखव," वहिनी म्हणाल्या. "कोपरा. कोपरा दाखव."

"कळतोय का? तिरका कापलेला होता. मी रफू केला, बेमालूम!"

दत्तात्रय सांगतो, वहिनींनी फोन अगदी तोंडाशी ओढला.

"उसव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उसव तो कोपरा. आत्ता. ललित! ललित, तिच्या अंगावरून ती साडी आधी…"

वीज गेली. वायफाय गेलं. कॉल तुटला.

मी थांबलो. समोरच्या घरात कोणीतरी भांडं खाली ठेवलं, तेवढाच आवाज. रोहितनं जागा बदलून भिंतीला पाठ टेकवली.

"मग?" तो म्हणाला.

मग काळोख. ललितचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. तेजस्विनीच्या हातातला खाली पडला, कुठं पडला दिसेना. ललित म्हणाला, "तेजू, हलू नकोस, मी मेणबत्ती आणतो." तो भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे वळला.

मागून आवाज आला.

"अहो…"

ललित जागच्या जागी थांबला. आवाज तेजस्विनीचाच. पण तेजस्विनी त्याला नावानं हाक मारते. लग्नाच्या दिवसापासून. 'अहो' म्हणणारी बाई त्या घरात एकच होती.

"अहो, ऐकलं का…"

तो आवाजाकडे वळला.

"माझ्या अंगावरची काढलीत तुम्ही. घाटावर. सगळ्यांच्या देखत."

वारा शिट्टी घालत होता.

"थंडी वाजत होती हो मला…"

ललित सांगतो, त्याला वाटलं, माफी मागावी. तोंड उघडलं. आणि आवाज पुढं आला. आता त्यात रडणं नव्हतं.

"हिला माझं सगळंच पाहिजे का?"

मग घशातून खरखर. पाय आपटल्याचा आवाज. बांगडी फुटली. तो धावला, अंधारात तिच्यावरच आपटला. ती जमिनीवर होती. पदर गळ्याभोवती फिरलेला. एक फेरा. हात घालायला गेला तर दुसरा. ओढणारं कोणी नव्हतं. तिचे दोन्ही हात त्याच्याच मनगटांवर होते, नखं रुतलेली. तरी पदर आवळत होता…

आई काय म्हणाली होती? कोपरा. उसव.

पदराची कड हाताला लागली. बोटं फिरवली. सापडेना. कुठं गाठ नाही, कुठं जाड टाका नाही. दुपारी उजेडात सापडला नव्हता, आता अंधारात काय सापडणार? इतका सुंदर रफू. तिच्या हाताची पकड सैल पडायला लागली.

त्यानं एक कोपरा दातात धरला. फाडला. काही नाही. तो भलताच कोपरा होता.

तिचे हात सुटले.

कडेवरून बोटं पळवत तो उरलेल्या कोपऱ्यापर्यंत आला. दातात धरला. ओढला. तुटेना. तोंडात राखेची चव आली. पुन्हा ओढला, मान झटकून, कुत्रा ओढतो तसा…

फाटला.

पदर सैल झाला. नुसतं कापड. तेजस्विनीनं श्वास घेतला, तो आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला म्हणतात.

पहाटेच्या गाडीनं दत्तात्रय आणि वहिनी आले. वहिनींनी साडीला हात लावला नाही, चिमट्यानं उचलून पोत्यात घातली. राजघाटावर आम्ही ती जाळली. या वेळी कोणी बाजूला ठेवून आलं नाही. राख होईपर्यंत उभे राहिलो, ती तापीत सोडली, मग घरी. ललितच्या दातांत अडकलेले हिरवे धागेसुद्धा त्यानं तिथंच थुंकले. ऑफिसात एका कागदासाठी मी लोकांना तीन-तीन खेपा घालायला लावल्या, पण इतक्या काळजीनं एकही प्रकरण निकाली काढलं नव्हतं.

हळदीकुंकू झालं नाही. तेजस्विनीचा आवाज महिनाभर बसला होता. तिनं साडी नेसणं सोडलं. सुई घरात ठेवत नाही. वहिनींनी त्या बायांना दारातूनच सांगितलं, या घरात आता मेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. बायांना राग आला. येऊ दे.

"म्हणजे सगळं ठीक झालं ना?" स्नेहल म्हणाली. "संपलं ना काका?"

आम्हालाही तसंच वाटलं होतं.

परवा इतवाऱ्याच्या बाजारात तेजस्विनी भेटली. पंजाबी ड्रेस घातला होता. बरी दिसली. "कशी आहेस बेटा?" म्हटलं. "छान आहे काका," म्हणाली. म्हणाली, ललित आत्ताच घेऊन आला, नवा आहे, सील फोडून पहिल्यांदा घातलाय. ओढणीला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. मी ती दाखवली, ती हसली, चिठ्ठी तोडून टाकली आणि भाजीकडे वळली.

ओढणी पाठीवर आली. मी बघायचं नव्हतं.

दोन टोकं. एक सरळ होतं.

दुसऱ्याला कोपरा नव्हता. तिरका काप. विळीवर धरून कापल्यासारखा.