कल्लप्पानं गाडीखालून दिलेली हाक

लाइट गेलीय ती येईल तेव्हा येईल. मोबाइलच्या बॅटऱ्या बंद करा आणि जवळ सरका. भुतावर विश्वास नाही ना? नका ठेवू. कल्लप्पाचाही नव्हता.

विजापूर रस्त्याला कल्लप्पाचं गॅरेज आहे. स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, एवढंच काम तो करतो. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्याकडं अमरेश नावाच्या पोराची एसयूव्ही आली. गाडी डावीकडं ओढायची. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की निघाली कडेच्या चारीकडं. खड्ड्यात चाक गेलं की पुढून 'कट्ट' असा आवाज. कल्लप्पानं पुढची चाकं डावी-उजवी बदलून पाहिली. दोष टायरचा असता, तर ओढ उजवीकडं गेली असती. गेली नाही. अलाइनमेंट केलं, शॉकअप बदलले. गाडी जॅकवर उचलून चाक हलवून पाहिलं, तर सगळे सांधे घट्ट. अमरेश रोज टोमणा मारायचा, मामा, गाडी तुमच्या दारात आली की सासुरवाशिणीगत गप बसती.

मग आली येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, १९ डिसेंबर २०२५, शुक्रवार. अख्खा मुलूख दिवसभर रानात आंबील-भज्जी खाऊन रात्री गाढ झोपलेला. अमरेशची थोरली, पण जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी बहीण चैताली मंद्रूपच्या पुढं नदीकडच्या एका वस्तीवर दिली होती. तिचे दिवस भरत आले होते. येळवस झाली की बाळंतपणासाठी तिला शहरात आणायचं ठरलं होतं. अमरेश म्हणाला, मामा, तुम्हीही चला, जाताना ट्रायल होईल, येताना बहीण येईल. कल्लप्पाची बायको म्हणाली, अवसेला कुठं निघालात? तो म्हणाला, गाडीला पंचांग कळत नाही.

मंद्रूप मागं पडलं आणि फोन वाजला. चैतालीचा नवरा, नवनाथ. कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्त थांबत नव्हतं. रुग्णवाहिकेला फोन केला, तर गाडी आहे पण ड्रायव्हर नाही. जवळच्या आरोग्य केंद्राला कुलूप. या कुलपांबद्दल माझ्यापुढं कुणी नशिबाची भाषा करू नका. पेपरात छापून आलं की चार दिवस ती निघतात, पाचव्या दिवशी परत लागतात. त्यात कुणाचं नशीब नसतं, कुणाची तरी सही असते.

अमरेशनं गाडी पिटाळली. रस्ता म्हणजे नुसती खडी. त्याचं बिल मात्र डांबराचं निघालेलं. एका खड्ड्यात चाक गेलं. कट्ट... आणि गाडी डावीकडं अशी ओढली गेली, की तिचं नाक चारीवर येऊन थांबलं.

कल्लप्पा म्हणाला, "चाकात कायतरी सुटायला लागलंय. असंच पळवलंस तर पुढच्या पुलावर चाक निघंल."

"मामा, ताई मरंल हो."

"आपून मेलो तर तिला कोन आनंल? बस वर. मी सांगतो तसं घुमव."

आता हे काम कसं चालतं ते ऐका. एक माणूस गाडीखाली, बोट सांध्यावर. दुसरा वर स्टिअरिंगला. खालचा सांगतो, डावीकडं, उजवीकडं, बस. वरचा बोलत नाही, नुसता घुमवतो. आणि वर कोण आहे, हे खालचा कधी बघत नाही.

गॅरेजात कल्लप्पा जॅक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लावायचा. इथं उतारामुळं चासीला लागेना, म्हणून त्यानं तो चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला, आर्मला लावला. स्प्रिंगचा दाब सुटला आणि इतके दिवस घट्ट वाटणारा खालचा बॉल जॉइंट बोटाखाली हलला. चूक त्याचीच होती. जॅक रोज चुकीच्या जागी लागत होता.

"डावीकडं," तो म्हणाला. चाक वळलं. "उजवीकडं." चाक वळलं.

मधे दार लागल्याचा आवाज झाला. थंडी होती. पोरानं दार ओढून घेतलं असेल.

"आता पार डावीकडं."

चाक वळलं. अमरेश हिसका देऊन घुमवायचा. हे सावकाश... जपून... शिकाऊ माणसासारखं. सांध्यातला गोळा वाटीतून अर्धा बाहेर आला. कल्लप्पाला दिसला.

"बस. सापडलं."

चाक थांबलं. आणि लांबून, शेताच्या बांधावरून, अमरेशची हाक आली.

"मामा, हितं रेंज हाय. ताई शुद्धीत न्हाय म्हनत्यात."

किल्ली काढली की स्टिअरिंगला कुलूप लागतं. किल्ली गाडीतच राहिली असेल, तर चाक आपसूक फिरलं असेल, तेवढाच एक आधार होता त्याला.

"अमरेश... किल्ली कुटं हाय?"

"माझ्या खिशात."

वर सीट करकरली.

चाक फिरलं. उजवीकडं. कुणी सांगितलं नव्हतं. मग डावीकडं. मग पुन्हा उजवीकडं... जोरात. घाईनं. जॅक कलला. गाडीचं पोट त्याच्या छातीवर उतरू लागलं.

"बाई... बस," तो म्हणाला.

आपण बाई का म्हणालो, ते त्याला आजही सांगता येत नाही.

चाक सरळ झालं. थांबलं.

तो सरपटत बाहेर आला. दार बंद. आत कुणी नाही.

...

अमरेशला तो काही बोलला नाही. गाडी ओढायच्या साखळीनं सांधा करकचून बांधला. पोर आत बसायला गेलं तर त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढं सरकलेली. खटका ओढला, लाथ मारली, हलेना. तसाच अंग मुडपून त्यानं गाडी चालवली, बैलगाडीच्या चालीनं.

वस्तीवर पोचले, तेव्हा चैताली संपली होती.

तिला झालेली पोरगी जिवंत होती. तिला तेवढं गोधडीत गुंडाळून शहरात आणलं. ती वाचली. चाक पुलावर निघालं असतं, तर तीही वाचली नसती.

दवाखान्याच्या पायरीवर नवनाथनं कल्लप्पाला चैतालीचं शेवटचं सांगितलं. "डोळं मिटल्यालं, मामा. पन दोनी हात वर धरून फिरवत हुती. असं डावीकडं... असं उजवीकडं. शेवटी लई जोरात. मग कुनीतरी बस म्हनल्यागत... थांबली."

गाडी आता कल्लप्पाच्या गॅरेजात मागं उभी आहे. त्यानं सीट बोल्टासकट काढून खालची पट्टी तपासली. गंज नाही, वाक नाही, खटका लोण्यासारखा चालतो. परत बसवून दोघा-तिघांनी मिळून ओढून पाहिलं.

सीट एक बोटभरही मागं जात नाही.